चाररंगी धातूचा पेन दर थंडीत का अडकतो, आणि त्यावर काय करावे

डिसेंबर लागला की मला फोन सुरू होतात. यवतमाळ, वाशीम, अमरावती, कधी पार गोंदियाकडून. बोलणे बहुतेक एकच असते. "भाऊ, निळी खाली गेली, पण वापस नाही येऊन राह्यली." नाहीतर, "लाल दाबली का हिरवी बी अर्धी बाहेर निंगते." पेन जुना, धातूचा, चार खटक्यांचा. पावसाळ्यात चालत होता, दिवाळीच्या हिशेबालाही चालला. थंडी पडली आणि आखडला. मग फेब्रुवारी सरता सरता ऊन तापायला लागले की तो आपोआप सुटतो. मालकाला वाटते, झाला बरा. पुढच्या डिसेंबरात तोच फोन पुन्हा.

म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो. हे सगळे धातूच्या जुन्या पेनांबद्दल आहे. पितळेची बॉडी, वर क्रोमचा किंवा सोन्याचा मुलामा, आत काडीसारख्या बारीक धातूच्या रिफिली, म्हणजे शाईच्या कांड्या. फ्रान्सच्या बिक कंपनीने १९७० साली आणलेला प्लास्टिकचा चाररंगी पेन आणि त्याच्या नकला यांची रिफिल वेगळी, आतली बांधणी वेगळी. त्यांना यातले काही लागू पडेल, सगळे नाही.

वडिलांचा पेन आणि तीन हिवाळे

वडील दारव्ह्याकडे एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, मुनीम होते. कापसाच्या एका व्यापाऱ्याने त्यांना मुंबईहून हा पेन आणून दिला होता. बॉडीवर कंपनीचे नाव नाही, क्लिपखाली फक्त 'जर्मनी' एवढे कोरलेले. निळ्याने आवक लिहायची, लालने कटती, म्हणजे वजावट, हिरव्याने शेतकऱ्याला आगाऊ दिलेली उचल, काळ्याने गाठींचा हिशेब. वही उघडली की पान वाचायच्या आधी रंगावरून कळायचे की कोणाच्या नावावर उचल जास्त आहे. चार पेन खिशात ठेवायचे तर खिसा फाटतो आणि नेमका हवा तो हाताशी येत नाही. चाररंगी पेनाची गरज तिथे होती, हौस नंतरची.

वडील गेल्यावर पेन माझ्याकडे आला आणि त्याच्यामुळेच हा नाद लागला. आठवडी बाजारातले भंगारवाले, निवृत्त मास्तर, जुन्या पेढ्यांचे कपाट उपसणारे लोक, यांच्याकडून गोळा करत करत आज माझ्याकडे ४१ पेन आहेत. पण अडकण्याचा रोग मला शिकवला तो याच पहिल्या पेनाने.

पहिल्या हिवाळ्यात लाल खटका वर येईना. मला वाटले स्प्रिंग थकली. दुसऱ्या एका मोडक्या पेनाची स्प्रिंग काढून घातली. दोन आठवडे चालला, पुन्हा तेच. दुसऱ्या हिवाळ्यात लाल आणि हिरवा दोन्ही. या खेपेला दोष रिफिलींना दिला, चारही नव्या मागवल्या. काही फरक पडला नाही. तिसऱ्या हिवाळ्यात निळाही बसला. तेव्हा तो घेऊन मी बसस्टँडजवळच्या घड्याळवाल्या काकांकडे गेलो. सकाळची नऊ-साडेनऊची वेळ होती, काका अंगावर शाल घेऊन बसले होते. त्यांनी पेन उघडला नाही. मुठीत धरला आणि माझ्याशी पऱ्हाटीवरच्या बोंडअळीबद्दल बोलत राहिले. दहा मिनिटांनी मूठ उघडली, खटका दाबला. गेला. दुसरा दाबला, पहिला वर आला.

"पेन चांगला आहे," ते म्हणाले, "याले कोणीतरी खोबरेल पाजलं."

पाजणारा मीच होतो. पेन हातात आला तेव्हा खटके कुरकुरत होते म्हणून घरातल्या निळ्या बाटलीतले दोन थेंब सोडले होते. त्या दिवसापासून तो गुळगुळीत चालायचा, आणि म्हणूनच तेलावर माझा कधी संशय गेला नाही.

कारण

खोबरेल तेल साधारण २४ अंश सेल्सिअसला गोठते. बाटलीत गोठले की आपण ती उन्हात ठेवतो, हे घरोघरी माहीत आहे. तेच तेल पेनाच्या आत आहे हे मात्र लक्षात राहत नाही. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास, कधी त्याहूनही खाली जातो. म्हणजे रात्रभर पेनाच्या आत मेणासारखा थर जमलेला असतो. दुपारी दोनला तो वितळतो, सकाळी आठला घट्ट. ज्यांना "कधी चालतो, कधी नाही" असा अनुभव येतो त्यांनी अडकण्याची वेळ लिहून पाहावी. सकाळ-संध्याकाळ अडकत असेल आणि भर दुपारी सुटत असेल, तर पुढचे काही तपासायच्या आधी तेलच धरून चाला.

एवढ्याशा थराने खटका का अडावा? त्यासाठी आतली रचना कळायला हवी. बॉडीच्या वरच्या भागात चार उभ्या खाचा असतात आणि प्रत्येक खाचेत एक खटका. खटक्याला आतून बारीक दांडी जोडलेली, दांडीच्या टोकावर रिफिल खोचलेली, आणि दांडीभोवती केसासारख्या तारेची स्प्रिंग. खटका खाली ढकलला की त्याचे आतले टोक एका कडेखाली जाऊन अडकते आणि रिफिल बाहेर राहते. आता दुसरा खटका ढकलला की तो जाता जाता पहिल्याला आतून बाजूला सारतो. पहिला कडेवरून सुटतो आणि स्प्रिंग त्याला वर ढकलते. खाली नेण्याचे काम अंगठा करतो, त्याच्यात जोर भरपूर. वर आणण्याचे काम एकटी स्प्रिंग करते आणि तिचा जोर मुद्दाम कमी ठेवलेला असतो, नाहीतर चार स्प्रिंगांच्या पेनाने अंगठा दुखून येईल. म्हणूनच गोठलेल्या तेलाचे दुखणे नेहमी परत येण्यात दिसते, जाण्यात नाही. आणि पहिली कांडी पूर्ण वर न येता मध्येच थांबली की दुसरी येताना तोंडाशी दोघींची टक्कर होते. "हिरवी बी अर्धी बाहेर निंगते" ते यामुळे.

ही खटक्यांची कल्पना बॉलपेनापेक्षा जुनी आहे. हंगेरीच्या लाझ्लो बिरोने बॉलपेनाचे पेटंट घेतले १९३८ साली, पण १९३० च्या दशकात न्यूयॉर्कच्या नॉर्मा कंपनीच्या चाररंगी शिसपेन्सिली अशाच खटक्यांवर चालत होत्या. जर्मनीत फोर्ट्झहाइम या सोनारांच्या शहरातल्या फेंड कंपनीने असेच पेन्सिली आणि पेन केले. सोनारकामाचे शहर असल्याने त्यांच्या खाचा इतक्या नेमक्या कापलेल्या असतात की खटका आणि खाच यांच्यामध्ये फट जवळजवळ दिसत नाही. याचा दुसरा अर्थ असा की तिथे घाणीला जागा नाही. चांगला पेन हलक्या पेनापेक्षा लवकर अडकतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

खोबरेलापेक्षा वाईट तेल एकच, आणि ते नेमके आपल्याकडेच घरात असते. जवसाचे. जवसाचे तेल हवेत नुसते गोठत नाही, ते सुकून कडक होते, कायमचे. म्हणूनच ते रंगात आणि वॉर्निशात घालतात. जवस पाजलेला पेन मुठीत धरून सुटत नाही आणि उन्हाळ्यातही मोकळा होत नाही. आत पिवळसर, गोंदासारखा पापुद्रा दिसतो. भंडाऱ्याकडून आलेला एक सुंदर पेन मला असा मिळाला होता. विकणाऱ्याने काही लपवले नव्हते, त्याच्या आजीने बंद पडू नये म्हणून प्रेमाने घातले होते.

उघडण्याआधी तीन गोष्टी करून पाहा

पहिली, काकांनी केली तीच. सकाळी, पेन थंडगार असताना, मुठीत घट्ट धरून दहा मिनिटे बसा. चुलीजवळ, शेगडीवर किंवा गाडीच्या इंजिनावर ठेवू नका. आतले काही भाग प्लास्टिकचे असतात, ते वाकले तर पुन्हा सरळ होत नाहीत. मुठीने सुटला तर गोठणारे तेल नक्की.

दुसरी: चारही रिफिली काढून टाका आणि पेन रिकामा चालवून पाहा. ही परीक्षा मी सगळ्यांत महत्त्वाची मानतो आणि लोक तीच गाळतात. रिकामा पेन थंडीतही चारही खटके नीट वर आणत असेल तर यंत्रणेला हात लावायचे काहीच कारण नाही, दोष रिफिलीत आहे. रिकामाही अडकत असेल तर रिफिली बदलून पैसे घालवू नका. दुसऱ्या हिवाळ्यात मी हीच परीक्षा केली असती तर चार रिफिलींचा खर्च वाचला असता.

तिसरी: रिकामा चालत असेल तर रिफिली एकेक करून घाला आणि प्रत्येक वेळी सगळे खटके फिरवून पाहा. एखादीच कांडी घातल्यावर अडकायला लागते. दोषी ती.

तेल कसे काढायचे

पेनाचा पुढचा भाग आटे सोडवून निघतो. जुन्या पेनाचे आटे बसलेले असतात. पक्कड लावू नका, क्रोमवर दातांचे वळ उठतात आणि ते जन्मभर राहतात. सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन तुकडे घ्या, एक इकडे, एक तिकडे गुंडाळा आणि हाताने फिरवा. आजवर एकच पेन मला असा उघडता आला नाही, तो मी तसाच ठेवला आहे.

रिफिल ओढताना सरळ खाली ओढा. पिळू नका, दांडी वाकते. कोणता रंग कोणत्या खटक्याला होता ते मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

धुवायला आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. गावात मिळणार नाही असे वाटते, पण मोबाइल दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात असते. ते लोक त्याला आयपीए म्हणतात, बोर्ड पुसायला वापरतात. छोटी बाटली मागितली तर ओळखीवर देतात. औषधाच्या दुकानातले सर्जिकल स्पिरिट शक्यतो टाळा. त्यात कधी कधी एरंडेल मिसळलेले असते, म्हणजे एक तेल काढताना दुसरे घातल्यासारखे. नखावरचा रंग काढायचे रिमूव्हर तर मुळीच नको. त्यातल्या अ‍ॅसिटोनने आतले प्लास्टिक विरघळते. रॉकेल आणि पेट्रोल दोन्ही नको. रॉकेल स्वतःच चिकट थर सोडते आणि पेट्रोल घरात उघडे ठेवण्याची वस्तू नाही.

स्टीलच्या छोट्या वाटीत बोटभर आयपीए घ्या. जवळ देवघरातला दिवा, उदबत्ती, गॅस चालू नको. पेनाचा यंत्रणेचा भाग त्यात असा बुडवा की खटक्यांवरचे रंगाचे ठिपके वरच राहतील. हे ठिपके रंगवलेले असतात आणि भिजले तर उडतात. एका पेनाचा हिरवा ठिपका माझ्या हातून असा गेला, तो परत आणता आला नाही. दहा मिनिटांनी बाहेर काढून प्रत्येक खटका पंचवीसेक वेळा खाली-वर करा. पुन्हा बुडवा. वाटीत पांढरट कण किंवा पिवळसर तवंग दिसेल, शाई असेल तर निळे-जांभळे पाणी. आयपीए बदला. स्वच्छ राहीपर्यंत करा, बहुतेक वेळा तीनदा पुरते.

जवसाला वेळ लागतो. तासभर बुडवून ठेवायचे, खटके हलवायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा. भंडाऱ्याच्या पेनाला मला सहा दिवस लागले. टाचणीने खरवडायचा मोह होतो, करू नका. खाचेच्या कडेला ओरखडा पडला की खटका तिथे कायमचा ठेचकाळतो. खराट्याची काडी तिरपी कापून घ्या, तिने मऊ झालेला पापुद्रा निघतो आणि पितळेला काही होत नाही.

धुतल्यावर पेन तोंड खाली करून वर्तमानपत्रावर अर्धा दिवस उभा ठेवा.

आता प्रश्न येतो, नवे तेल कोणते घालू? माझे उत्तर आहे, घालू नका. चांगल्या पेनाचे खटके कोरडेच चालतात. थोडे कुरकुरले तर मऊ शिसपेन्सिलीचे, ६बी असेल तर उत्तम, टोक कागदावर घासून जी काळी भुकटी निघते ती चिमूटभर खाचेत सोडा आणि खटके हलवा. शिसे म्हणजे ग्रॅफाइट. ते गोठत नाही, सुकत नाही, धूळ धरत नाही. बोटांना दोन दिवस काळे लागते, एवढेच. धातूवर धातू अगदीच कर्रकर्र वाजत असेल तर शिलाई मशीनचे तेल सुईच्या टोकावर येईल तेवढे, त्याहून जास्त नाही. काही संग्राहक सिलिकॉन ग्रीस वापरतात, तेही चालते, पण आपल्या धुळीत मला कोरडाच पेन बरा वाटतो.

काम झाले की नाही हे बघायला डिसेंबरची वाट पाहू नका. पेन प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात अर्धा तास ठेवा. काढल्या काढल्या खटके दाबून पाहा. तिथे चालला तर थंडीतही चालेल. नंतर पिशवीतून काढून कोरडा पुसा, दव धरते.

दोष रिफिलीत निघाला तर

या पेनांची रिफिल आज डी-वन म्हणून ओळखली जाते. लांबी ६७ मिमी, जाडी २.३५ मिमी. आयएसओ १२७५७ या मानकात हा आकार दिलेला आहे, त्यामुळे जर्मन, जपानी, कुठल्याही कंपनीची डी-वन घेतली तरी ती बसायला हवी. तालुक्याच्या दुकानात डी-वन म्हणून मागितली तर दुकानदार तोंडाकडे बघतो. डायरीसोबत येणाऱ्या आखूड धातूच्या पेनात बहुतेक हीच असते. ती काढून मोजा. मात्र चिनी स्वस्त कांड्यांची जाडी एका पाकिटात सारखी नसते. जाडी मोजायचे व्हर्नियर नसेल तर खरी डी-वन शेजारी ठेवून काचेवर दोन्ही लोळवा, जाड-बारीक लगेच कळते.

अडचण येते ती मानक ठरण्याआधीच्या पेनांत. त्यांच्या मूळ कांड्या दोन-तीन मिमीने कमी-जास्त असतात. कांडी लांब असेल तर खटका वर असतानाही टोक तोंडाशी येऊन उभे राहते आणि शेजारणीला वाट देत नाही. थंडी-उन्हाळा काही असो, हा पेन अडकणारच. उपाय म्हणजे मागून कापणे. आधी शाई कुठपर्यंत आहे ते बघा. मागचा काही भाग रिकामा असतो, तेवढाच कापायचा. ब्लेडखाली गोल गोल लोळवून खाच पाडा, मग मोडा, कड बारीक कानशीने साफ करा. एका वेळी अर्धा मिमी. जास्त कापली गेली तर ती कांडी वाया.

दुसरी तक्रार, कांडी दांडीवरून निसटते. खटका वर जातो, कांडी मात्र बाहेरच लोंबते. लोक इथे फेविक्विक लावतात आणि मग माझ्याकडे येतात. तसे दोन पेन मी वाचवू शकलो नाही, कारण पुढच्या वेळी कांडीबरोबर दांडीच तुटून आली. टेप गुंडाळणे किंवा मेण भरणे यातही एक गोम आहे. शाई खाली सरकते तेव्हा तिच्या जागी मागून हवा शिरावी लागते. मागचे तोंड हवाबंद झाले की शाई थांबते आणि भरलेली कांडी कोरडी लिहायला लागते. म्हणून सगळ्यांत साधा उपाय चांगला: कांडीचे मागचे तोंड नाकपकडीने अगदी हलके दाबून किंचित लांबट करा. दोन बाजूंनी ते दांडीला धरते, दोन बाजूंनी हवा जाते.

वजनावर चालणारे पेन

काही पेनांना चार खटके नसतात, वर एकच बटण असते आणि बॉडीवर चार रंगांचे ठिपके. मॉन्टब्लांकचा पिक्स-ओ-मॅट, रोट्रिंगचा फोर-इन-वन ही त्यातली माहितीची नावे. यांच्या आत छोटे वजन लोंबते. हवा तो ठिपका वर, आपल्या डोळ्यांकडे करून पेन तिरपा धरायचा आणि बटण दाबायचे. वजन खाली झुकते आणि नेमकी ती कांडी पुढे जाते. पेन सरळ उभा धरून दाबला तर कोणती कांडी येईल याचा भरवसा नसतो. "बिघडलेला" म्हणून आलेल्या अशा पेनांतले निम्मे बिघडलेले नव्हतेच, धरण्याची रीत माहीत नव्हती. कसाही धरला तरी एकच रंग येत असेल तर मात्र वजन चिकटले आहे. पेन कानाशी नेऊन हलवा, बारीक टिकटिक ऐकू यायला हवी. टिकटिक नसेल तर वर सांगितल्याप्रमाणे धुवा. या पेनांना तेलाचा थेंबही चालत नाही, शिलाई मशीनचासुद्धा नाही.

तूस, पावसाळा आणि मे महिना

कापसाच्या दिवसांत शर्टाच्या खिशात तूस, म्हणजे कापसाचे उडते बारीक तंतू, साचतो. खटक्यांच्या खाचा म्हणजे तुसाला आत शिरायला चार दारे. वडिलांचा पेन पहिल्यांदा उघडला तेव्हा आत खोबरेलात भिजलेली चक्क एक वात निघाली, जिनिंगमधल्या इतक्या वर्षांची. तेल नसते तर तूस फुंकरीने उडाला असता. कोरड्या पेनाला महिन्यातून एकदा फुंकर, नाहीतर सायकलचा पंप, पुरे.

पावसाळ्यात स्प्रिंगा गंजतात. गंजलेली स्प्रिंग ताणून जोर आणायचा प्रयत्न करू नका, ती आठवड्यात पुन्हा बसते. मोडक्या चाररंगी पेनाची काढून घाला, साध्या खटका-पेनाची स्प्रिंग जाड असते, बसत नाही. बदललेला जुना भाग फेकू नका, चिठ्ठी लावून डबीत ठेवा. हे मी उशिरा शिकलो.

मे महिन्याचे दुखणे उलटे आहे. बॉलपेनाची शाई तेलकट आणि घट्ट असते, त्यात बेंझिल अल्कोहोल, फेनॉक्सीइथेनॉल यांसारखे द्रावक असतात. उष्णतेने ती पातळ होते. आपल्याकडे बाहेर ४५ अंश, मोटारसायकलच्या डिकीत त्याहून किती तरी जास्त. टोकाशी शाईचा थेंब येतो, तो तोंडाच्या आतून पसरतो, पावसाळ्यात घट्ट होतो, आणि थंडीत खोबरेलासारखाच अडवतो. मुठीच्या परीक्षेत हा पेन सुटत नाही, आणि पुढचा भाग उघडला की आतून जांभळा-काळा दिसतो. नुसता पुढचा भाग धुतला तरी काम होते. खराट्याच्या काडीला सुती चिंधी गुंडाळून आतून फिरवा. कापूस नको, तंतू मागे राहतात.

जे पेन लिहायला काढत नाही त्यांच्या रिफिली मी चैत्रातच काढून ठेवतो. पेन स्टीलच्या डब्यात, सोबत ओल शोषणाऱ्या पुड्या, डबा धान्याच्या खोलीत जिथे भिंत दुपारीही थंड राहते. रिफिली वेगळ्या, तोंड वर करून, काचेच्या बाटलीत. जुन्या पितळी कांड्यांवर हिरवी बुरशीसारखी पूड दिसली तर ती पेनात पुन्हा घालू नका. शाईतली आम्ले पितळ खातात आणि अशी कांडी आतच फुटते.

वडिलांचा पेन त्या तिसऱ्या हिवाळ्यापासून कोरडा आहे. यंदा जानेवारीत, पहाटे शेतावर ओलिताला जाताना खिशात होता, हात बधिर झाले होते. निळा, काळा आणि हिरवा एका दाबात गेले आणि एका दाबात परत आले. लाल अजून जरा जड आहे. त्याची स्प्रिंग मूळची नाही, पहिल्या हिवाळ्यात थकली म्हणून मीच काढून टाकलेली. ती चांगली होती. त्या मापाची जुनी जर्मन स्प्रिंग कोणाच्या मोडक्या पेनात असेल तर मला हवी आहे.